रायगडाची बस ठरवण्याआधी झेरॉक्सची काच बघा

परभणी जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातून पत्र आलंय. लिहिणारे ३८ वर्षांचे, गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान, शिवाय गणेश मंडळाचे खजिनदार. यंदा डीजे लावला नाही म्हणून मंडळाकडे २२ हजार रुपये शिल्लक राहिले, ते गावातल्या पोरांना आपल्या राज्याचा, मराठवाड्याचा इतिहास कळावा यासाठी खर्च करायचं त्यांच्या मनात आहे. मागच्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, त्यांनी प्रश्नमंजूषा घेतली होती, ६० प्रश्न, पहिलं बक्षीस मनगटी घड्याळ. ११ जण आले, शेवटपर्यंत तिघं बसले. आता मंडळातली पोरं म्हणतात रायगडला ट्रिप काढा, आईबाप म्हणतात नीटचा अभ्यास सोडून हे काय खूळ, आणि वडीलधारे म्हणतात रझाकाराचा, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या हत्यारबंद संघटनेचा, विषय काढूच नका, गाव मिसळीचं आहे. ते लिहितात, "ताई, दुकानात दिवसभर कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी, जुने उर्दू-मोडीतले कागद झेरॉक्सला येतात, मान वर करायला टाईम नाही, तरी हे करायची इच्छा आहे. पण पोरांना इतिहासात इंटरेस्टच नाही. आणि आमच्या गावात दाखवण्यासारखं काही नाही, एक पडकी बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आणि वेशीवरचे दोन-तीन शेंदूर लावलेले दगड सोडले तर. गोडी कशी लावू?"

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, राग मानू नका. दिवसभर तुमच्या झेरॉक्सच्या काचेवर ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे उर्दू-मोडीतले कागद पालथे पडतात आणि त्याच पत्रात खाली लिहिता की गावात काही नाही. वर पुन्हा बारव आणि शेंदराचे दगड "सोडले तर". अहो ते सोडायचेच कशाला? तेच तर आहे सगळं.

आधी त्या प्रश्नमंजूषेचं बोलू. पोरांना इंटरेस्ट नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं, तर ६० प्रश्नांना बसली नाहीत म्हणून. मी जन्मभर शाळेत काढलेत, मला विचाराल तर ज्या लेकरांना घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा, टेस्ट सिरीज हे वर्षभर चाललेलंय त्यांनी सुट्टीच्या दिवशी आणखी एका परीक्षेला यावं कशाला? घड्याळ तर आता हातात कोण घालतंय. तरी ११ आले! मी तुमच्या जागी असते तर शेवटपर्यंत बसलेल्या तिघांना दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून विचारलं असतं, बाबांनो तुम्ही का थांबलात. तुम्ही विचारलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

एकदा आम्ही आठवीची चाळीस लेकरं घेऊन देवगिरीला गेलो होतो. मी आदल्या आठवड्यात वर्गात सगळं शिकवलेलं, यादव, १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ ला महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणली ते, फळा भरून सनावळ्या. गडावर गाईडनं परत तेच सांगितलं आणि लेकरं बोरं खात इकडंतिकडं बघत होती. पण अंधारीत, म्हणजे गडावरच्या त्या काळोख्या भुयारात, शिरलो आणि त्यानं हातातला टेंभा विझवला. मिट्ट काळोख, वटवाघळांचा वास, पुढच्याचा खांदा धरून चाललोय, आणि एक पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मंग आत आलेला शिपाई तर आपल्याच माणसाला मारल की!" तोच तर डाव होता तिथला, आणि हे मी तिला शिकवलं नव्हतं, तिचं तिला कळलं. परत आल्यावर त्या पोरांनी शाळेच्या व्हरांड्याला सतरंज्या लावून स्वतःची अंधारी केली आणि पाचवीच्या पोरांना भेव दाखवला, हेडसरांची बोलणी मी खाल्ली. १२९६ साल त्यातल्या किती जणांच्या ध्यानात राहिलं देव जाणे.

तर मला काय वाटतं सांगू, पोरांना इतिहास ऐकायचा कंटाळा असतो, शोधायचा नसतो. तुम्ही गोडी लावायला जाऊ नका, काम लावा. काहीतरी असं काम की ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही.

रायगडाला माझा विरोध नाही बरं का, जरूर जावं, मराठी माणसानं एकदा तरी जावंच. पण तुमच्या गावाहून एक रात्र जायला एक रात्र यायला, मध्ये दिवसभर गर्दीत फोटो, आणि २२ हजार डिझेलमध्ये संपले. वर पोरांच्या डोक्यात हे आणखी पक्कं होतं की इतिहास म्हणजे सह्याद्रीत, घाटाकडं, आपल्याकडं फक्त दुष्काळ. ट्रिपच काढायची तर एका दिवसात होण्यासारखं बघा. चारठाण्याची मंदिरं आणि बारव, औंढ्याच्या नागनाथाची बाहेरची शिल्पं, नामदेवांची नरसी, हे तुमच्या दारात आहे. जरा लांब जायची तयारी असंल तर तेर. गोरोबाकाकांचं तेर सगळ्यांना माहिती, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं व्यापारी शहर होतं, इथला माल भडोचच्या बंदरातून समुद्रापार जायचा आणि एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ह्या गावाचं नाव आहे. तिथलं म्युझियम पोरांना दाखवाच, ते कशावर उभं राहिलं ठाऊक आहे? गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या माणसानं गोळा केलेल्या वस्तूंवर. शेतात, पांढरीत म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत सापडलेल्या मूर्ती, मणी, नाणी लोक टाकून द्यायचे, त्यांनी जपल्या. दुकान सांभाळून इतिहासाच्या मागं लागलेला माणूस म्हणजे नवल नाही आपल्याकडं, हे तुमच्यासाठी सांगितलं.

आता तुमचे शेंदराचे दगड. मी बघितलेले नाहीत, पण वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ असे उभे दगड आपल्याकडं बहुतेक गावात असतात आणि त्यातले बरेच वीरगळ निघतात. लढाईत, नाहीतर गावची गुरं सोडवताना पडलेल्या माणसाची आठवण. खालून वर वाचायचा असतो तो दगड. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, कधी बाजूला गाई, त्याच्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चाललेल्या, त्याच्यावर तोच माणूस हात जोडून शिवलिंगापुढं, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहील. आता गंमत बघा. दुपारच्या उन्हात ह्या दगडावर काही दिसत नाही, सपाट दिसतो. संध्याकाळी अंधार पडला की मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता दगडाच्या कडेला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा. झिजलेली तलवार, घोड्याचा पाय, कुठं अक्षर असंल तर अक्षर, सगळं सावलीनं उठून येतं. एक पोरगा टॉर्च हळूहळू फिरवंल, दुसरा फोटो काढंल, तिसरी वहीत चित्र काढंल. ह्याला खर्च शून्य. शेंदूर मात्र खरवडायचा नाही, तो कुणाचातरी देव आहे, आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू-पीठ चोळायचं नाही, ऑईलपेंट तर नाहीच नाही. मी एका गावात वीरगळावर सोनेरी रंग मारलेला बघितलाय, वीर बिचारा बँडवाल्यासारखा दिसत होता.

बारवेचं जरा सांभाळून. उत्साहाच्या भरात पोरं उतरवू नका. आधी ग्रामपंचायतीला लेखी विचारा, ती पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे का तेही बघा, असंल तर खात्याच्या परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही. पावसाळ्यात अजिबात नको, साप असतात, शेवाळ असतं, पाण्याचा अंदाज येत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मोठी माणसं सोबत घेऊन झुडपं आणि वरवरचा गाळ टोपल्यांनी काढायचा. झाडाची मुळी दगडात गेलेली असंल तर ओढायची नाही, वरून कापायची, नाहीतर भिंतच खाली येते. जेसीबी नको आणि सिमेंट तर स्वप्नातही नको. तुमच्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदान करून अशीच मोकळी केली, आज लोक लांबून बघायला येतात, एक रविवार तिकडं चक्कर मारून त्या लोकांशी बोला, माझ्यापेक्षा ते जास्त सांगतील. आणि साफसफाईच्या आधी पोरांना एक काम द्या, मोजमापाचं. टेप घेऊन वरची लांबी-रुंदी, पायऱ्या किती, एका पायरीची उंची किती, देवकोष्ठ, म्हणजे भिंतीतले देवाचे कोनाडे, किती आणि कोणत्या दिशेला. आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचा. गणितात नापास होणारी पोरं ह्यात पुढं असतात हा माझा अनुभव आहे, का ते मला अजून नीट कळलेलं नाही.

शिवारातल्या जागांची नावंही लिहून घ्या, पांढरीचं रान, घोडतळं, पेठमळा असलं काही असंल तर त्याचं कारण असतं. पांढरीवर खापरं सापडतात, फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पण खणू नका. नाणंबिणं मिळालं तर १८७८ पासूनचा निखात निधीचा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं, हे पोरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे कुणी गुप्तधनाच्या नादी लागणार नाही. तसले उद्योग आपल्याकडं कमी नाहीत.

आता मला ज्याचं खरं सांगायचंय तिकडं येते, तुमची झेरॉक्सची काच.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने आपण तसेच राहिलो, हे पोरांना पुस्तकातली ओळ म्हणून माहिती असतं. पण त्याच पोराच्या पणजोबाचा कागद त्याच्या हातात द्या. सरकारी कागद असंल तर लिपी उर्दू. साल लिहिलंय १३५०. पोरगं म्हणंल हे काय, साडेसहाशे वर्षांपूर्वीचं? तेव्हा सांगा, हे फसली साल आहे, निजामी कारभारातलं, ह्यात ५९० मिळव. १९४०. म्हणजे पणजोबा तेव्हा किती वर्षांचे? जमीन किती रुपयांना घेतली? आणि कोणते रुपये, तर हाली सिक्का, निजामाचं स्वतःचं नाणं, इंग्रजांच्या कलदार रुपयाहून वेगळं. एका कागदात राज्य, भाषा, कॅलेंडर आणि नाणं सगळं आलं, वर ते पोराच्या आडनावासकट. ह्याच्यापेक्षा जवळचा इतिहास कुठला असतो?

उपक्रमाचं नाव काहीही ठेवा, नियम एकच. घरातला सगळ्यात जुना कागद किंवा वस्तू शोधून आणायची आणि ती कुणाची, कधीची, घरात कशी आली हे तीन जणांना विचारून लिहायचं. कागदाची झेरॉक्स तुम्ही फुकट काढून द्या, मूळ कागद लगेच घरी परत. मूळ ठेवून घेऊ नका, हरवला तर तुमचं दुकान गावात चालायचं नाही. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात कायमचा अडकतो. आणि दुकानात गिऱ्हाइकांचे जे कागद येतात ते त्यांच्या परवानगीशिवाय ह्यात आणायचे नाहीत, जमिनीचे वाद असतात, भावकी असते, तुम्हाला मी काय सांगावं.

आता हा उर्दू कागद वाचणार कोण? गावात उर्दू वाचणारी जुनी माणसं असतील. एखादे चाचा, नाहीतर जुन्या शाळेत उर्दूतून शिकलेले एखादे कुलकर्णी आजोबा, एखादी मदरशात जाणारी मुलगी. तुमच्या मंडळातला पोरगा आपल्या वावराचा कागद घेऊन चाचांच्या ओट्यावर बसंल आणि ते बोट ठेवून त्याच्या पणज्याचं नाव वाचून दाखवतील, हे एकदा घडू द्या. वडीलधारी मंडळी म्हणतात ना गाव मिसळीचं आहे म्हणून विषय नको, मला उलट वाटतं, मिसळीचं आहे म्हणूनच हे काम तुमच्या गावात होईल. मोडीसाठी मात्र शिकलेला माणूस लागतो, सध्या नोंदींमुळं मोडी वाचणाऱ्यांना चांगली मागणी आहे, एखादा दिवस मानधन देऊन बोलवा, पोरांना स्वतःचं नाव मोडीत लिहायला शिकवा, तेवढ्यानंही काम होतं.

रझाकाराचा विषय. वडीलधाऱ्यांची भीती खोटी नाही, हा विषय व्हॉट्सॲपवर कसा फिरतो ते आपण बघतो. पण विषय टाळला म्हणून पोरांना कळायचा राहत नाही, ते मोबाईलवरून कळतं आणि अर्धंच कळतं. पूर्ण सांगा. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली, हे खरं. त्यांच्याविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान ह्या तरुण संपादकाचा खून झाला, हेही खरं. आणि १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं हैदराबादवर केलेल्या कारवाईनंतर, काही भागांत साध्यासुध्या मुसलमानांवर सूड उगवला गेला, त्याची चौकशी सुंदरलाल समितीनं केली, तेही खरं. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा लढा राजवटीविरुद्ध होता, शेजाऱ्याविरुद्ध नव्हता. आणि १५-१६ च्या पोरांना १९३८ सालच्या वंदे मातरम् चळवळीचं सांगा, औरंगाबाद-हैदराबादच्या कॉलेजातल्या पोरांनी गाणं म्हटलं म्हणून नाव काटलं गेलं आणि शिकायला नागपूर गाठावं लागलं. त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी पोरं होती ती.

हे ऐकायचं तर घाई करा. १९४८ ला जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीला टेकलाय. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण पोरांना शिकवून पाठवा. फॅन बंद करायचा, नाहीतर नुसता भरभर आवाज येतो, फोन एरोप्लेन मोडवर आणि आजीच्या जवळ उशीवर ठेवायचा. "रझाकाराचं सांगा" असं एकदम विचारायचं नाही. त्या वर्षी झोपत कुठं होता, खायला काय होतं, बाजार कुठला, असं विचारायचं. माझ्या आजीला आम्ही सगळे मुक्तिसंग्रामाचं विचारायचो, ती म्हणायची आम्हा बायांना काय ठावं. मग एकदा मी विचारलं, तेव्हा दागिने कुठं ठेवायचात, तर तासभर बोलली. ज्वारीच्या रानात निजायचे, पुतळ्याची माळ चुलीच्या राखेत पुरलेली, आणि लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा. रेकॉर्डिंग कुठंही टाकायच्या आधी घरच्यांना ऐकवून परवानगी घ्या. ज्यात कुणाचं नाव घेऊन आरोप असंल ते तर ग्रुपवर टाकूच नका.

आणखी एक टोचणारं बोलते. पत्रात तुम्ही सगळीकडं "पोरं" लिहिलंय आणि मला ती सगळी मुलगेच दिसतायत. मंडळातले म्हणून असंल. पण मुलींना बोलवायला वेगळं जावं लागंल, आयांशी बोलावं लागंल, वेळ संध्याकाळी सातची न ठेवता सकाळची ठेवावी लागंल. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निजामाविरुद्ध लढल्या हे तुमच्या ६० प्रश्नांत होतं का? आणि जात्यावरच्या ओव्या आज ज्या आज्यांना येतात त्या मंडळाच्या पोरापुढं गाणार नाहीत, नातीपुढं गातील.

आईबापांच्या नीटचं फार मनावर घेऊ नका. बारावीवाल्यांना सोडून द्या, आठवी-नववी-अकरावी धरा, रविवारी सकाळी दोन तास, फेब्रुवारी-मार्च बंद. रील काढायचेत तर काढू द्या, फक्त एक अट घाला, रीलमध्ये जे बोलायचं ते "कुणी सांगितलं" हेही बोलायचं. "हे मंदिर हजार वर्षं जुनं" असं म्हणायला मनाई, "आमच्या गुरवकाकांनी सांगितलं" असं चालंल. ह्या एका अटीनं निम्मा कचरा कमी होतो.

पैशाचं म्हणाल तर एक मोठा टेप, दोन टॉर्च, टोपल्या-हातमोजे, ड्रॉईंगचे कागद, मोडीवाल्यांचं मानधन, आणि चारठाणा-औंढा अशी एक दिवसाची गाडी, एवढं २२ हजारात बसतं, थोडे उरतीलसुद्धा. त्या उरलेल्यात फ्लेक्स करू नका, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा ह्यावरनंच मंडळं फुटतात. पुढच्या गणपतीला थर्माकोलच्या देखाव्याऐवजी मांडवात हेच लावा, बारवेचा नकाशा, टॉर्चमधले वीरगळाचे फोटो, फसली सालाच्या झेरॉक्स आणि शेजारी पोरांच्या अक्षरात त्याचा अर्थ. स्वतःच्या आजोबाचं नाव भिंतीवर आहे म्हटल्यावर गाव बघायला येतंय की नाही बघा.

पण एवढं सगळं एकदम काढू नका. येत्या रविवारी दुकान पाचला बंद करा आणि शेवटपर्यंत बसलेल्या त्या तिघांना वेशीवर बोलवा, दिवस मावळल्यावर. सोबत फक्त एक टॉर्च. काय दिसलं ते मला कळवा, आणि दगडाचा फोटो पाठवताना टॉर्च कोणत्या बाजूनं धरला होता तेही लिहा, मला बघायचंय.